गिरमिटाच्या गाडीवरचं बीएस्सी

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर संध्याकाळी सातला गिरमिटाच्या गाडीसमोर उभे राहा आणि जरा बादलीकडे बघा. वर चुरमुरे कालवले जात असतात, चिंचगुळाचा मसाला पडतो, पुटाण्याचं पीठ पडतं, कांदा पडतो, बाजूला मिरची भजी तळली जात असतात. खाली चाकाजवळ बिनझाकणाची प्लास्टिकची बादली असते. गिऱ्हाइकाने ठेवलेला स्टीलचा पेला तिच्यात बुडतो, वर येतो आणि पुढच्याच्या हातात जातो. बादलीतलं पाणी कुठल्या नळाचं? त्या नळाला ते कधी आलं होतं? घरच्या पिंपात किती दिवस बसलं? क्लोरीन काही उरलंय का त्यात? पेला बुडवणाऱ्या हाताला साबण कुठे मिळतो? आणि दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत इथे उभ्या राहणाऱ्या माणसाने मोरीला जायचं कुठे?

डॉक्टरला हे प्रश्न पडायला वेळ नसतो. त्याच्यापुढे ताप आलेलं पोर असतं. पण या प्रश्नांचा रीतसर अभ्यास असतो आणि त्याची पदवीही असते. सार्वजनिक आरोग्य, सगळे म्हणतात ते पब्लिक हेल्थ. बारावीनंतर अठराव्या वर्षी सायन्सची पदवी म्हणून हा विषय जगात अनेक ठिकाणी शिकवतात. आपल्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना मात्र त्याचं नावही कोणी सांगत नाही. याचा मला राग येतो, म्हणून या आठवड्याची जागा त्याला दिली आहे.

पीयूसी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच हिशेब सुरू होतो, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, नीटचा. २०२४ साली देशभरातून चोवीस लाखांच्या आसपास मुलांनी नीटला नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे शंभरातली पंच्याण्णव मुलं बाहेर, हे पेपर लिहायच्या आधीच ठरलेलं असतं. या पंच्याण्णवांना आपण काय सांगतो? रिपीट कर. कोप्पीकर रोडवरच्याच एका कापडदुकानात गल्ल्यावरच्या काकांना विचारलं, मुलगी काय करतेय. म्हणाले, "रिपीट. दुसऱ्यांदा." नाही लागला नंबर तर? "मग साधं बीएस्सी करील आणि आपण स्थळं बघू." मुलीला बायोलॉजीत नव्वदच्या वर मार्क आहेत. घरी मराठी, दुकानात कन्नड, शेजारी उर्दू, कॉलेजात इंग्रजी, असं तिचं सहज चालतं. कुठल्याही गल्लीत शिरून कुठल्याही उंबऱ्यावर बसून ती बाईमाणसाला बोलतं करू शकेल. सार्वजनिक आरोग्याच्या कामात याहून मोठं भांडवल नाही. आणि तिच्या वाट्याला एमसीक्यूचे गठ्ठे.

टायफॉइडचं उदाहरण घ्या. हुबळीत ज्या घरात कोणाला ना कोणाला टायफॉइड झालेला नाही असं घर शोधावं लागेल. ताप आला की आई विचारते, काल काय खाल्लंस? बिचारं गिरमिट बदनाम होतं. पण टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यावर ताप यायला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. कालचं गिरमिट यात बहुतेक निर्दोष असतं. विचारायचं असतं दोन आठवड्यांपूर्वीचं, आणि तेही एकट्या पेशंटला विचारून भागत नाही. गल्लीत आणखी कोणाला ताप आहे, त्यांचं पाणी कुठून येतं, कुठल्या दिवशी नळाला गढूळ आलं होतं, हे नकाशावर मांडावं लागतं. त्याऐवजी काय होतं? विडाल नावाची रक्ताची टेस्ट होते. एकाच विडालच्या भरवशावर टायफॉइडचं निदान करू नये हे पुस्तकात छापलेलं आहे, तरी ती होते, पॉझिटिव्ह येते, अँटिबायोटिक सुरू होतं, पोर बरं होतं, बिल भागतं. त्या गल्लीतल्या फुटक्या पाइपला कोणी भेटायला जात नाही. पुढच्या महिन्यात शेजारचं पोर तापाने फणफणतं.

गाडीवाल्याला दोष देणाऱ्यांना मी इथेच थांबवते. त्याची गाडी उचलून नेली की शहर स्वच्छ झालं, असं समजणारे साहेब आपण पाहिलेत. त्याच्या बादलीतलं पाणी त्याच्या घरातून आलं आणि त्याच्या घरात ते महापालिकेच्या नळातून आलं. त्याच्या घरी काही दिवसांनी एकदा, काही तासांपुरतं पाणी येत असेल तर तो साठवणारच. साठवलेल्या पाण्यात हात जाणारच. आणि नळ बंद असतो तेव्हा रिकाम्या पाइपात दाब नसतो. पाइप जिथे गटाराच्या कडेने जातो आणि सांध्यात फट असते, तिथून घाण आत ओढली जाते. नळ सुटल्यावर पहिलं पाणी येतं ते हे सगळं घेऊन. गाडीवाला या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा आहे आणि दंडाची पावती त्याच्याच हातात पडते.

पाइपाची ही गोष्ट मी हवेत सांगत नाही. ती याच शहरात मोजली गेलेली आहे, आणि हुबळीकरांना ती ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाडच्या साधारण दहाव्या हिश्श्याला चोवीस तास पाण्याची योजना मिळाली. बाकीच्यांना पूर्वीसारखंच अधूनमधून. एकाच शहरात दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी, अशी संधी अभ्यासकांना क्वचित मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेचे लोक आले. पाच वर्षांखालचं मूल असलेली ३,९२२ घरं निवडली, दोन्ही भागांतली घरं एकमेकांच्या तोडीची असतील असं बघितलं, पुन्हा पुन्हा जाऊन विचारलं, पाणी तपासलं. २०१५ साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. चोवीस तास पाणी मिळणाऱ्या भागात टायफॉइड झालेली घरं ४२ टक्क्यांनी कमी होती. गरीब घरांतल्या लहान मुलांची रक्ताची हगवण ३७ टक्क्यांनी कमी. आणि साधे जुलाब? त्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. सुखवस्तू घरांतल्या मुलांतही फरक दिसला नाही.

हे चार निष्कर्ष नीट वाचा. चोवीस तास पाणी आलं म्हणून सगळी दुखणी पळाली, असं ते सांगत नाहीत. काय कमी झालं, कोणाच्या घरात कमी झालं आणि काय तसंच राहिलं, हे सांगतात. साधे जुलाब तसेच का राहिले याची उत्तरं पाण्याबाहेर शोधावी लागतील, संडासात, हातांत, शिळ्या अन्नात. ज्यांच्या घरी फिल्टर आहे, मोठी टाकी आहे, त्यांनी आपला बचाव आधीच विकत घेतलेला असावा, हा माझा तर्क. नव्या पाण्याचा खरा फायदा दाजीबान पेठेतल्या बंगल्याला कमी आणि झोपडीतल्या बाळाला जास्त, हे कळल्यावर नगरसेवकाने पहिला पाइप कुठे टाकायला हवा? योजनेवरचं भांडण असं आकड्यांवर व्हायला हवं. आपल्याकडे ते ठेकेदाराच्या नावावर होतं. बर्कलेच्या लोकांना माझा मनापासून नमस्कार. पण आपलं पाणी, आपली पोरं, आपला टायफॉइड, आणि तो मोजायची बुद्धी समुद्रापलीकडून यावी लागते, हे आपल्या कॉलेजांना लागलं पाहिजे.

हुबळीला असं मोजणं नवीन मुळीच नाही. १८९७च्या पुण्याच्या प्लेगची गोष्ट मराठी शाळेतल्या प्रत्येक पोराला येते. सोल्जर घरात घुसले, रँडचा खून झाला, चाफेकर फासावर गेले. हुबळीचा प्लेग मात्र कोणाला आठवत नाही. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. सदर्न मराठा रेल्वेचं वर्कशॉप इथे, कापसाची पेठ इथे, माणसांची आणि गाठोड्यांची सतत ये-जा. १८९८ साली प्लेगने गाव गाठलं. वाल्डेमार हाफकिन यांनी वर्षभर आधी, जानेवारी १८९७ मध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. हुबळीत सर्जन-कॅप्टन ल्यूमन आणि त्यांच्या साथीदारांनी ती गावाला टोचली. जेमतेम पन्नास हजारांच्या गावात मे ते सप्टेंबरात तीस हजारांहून जास्त माणसांना. जगात कुठल्याही गावाने प्लेगची लस एवढ्या प्रमाणात तोवर क्वचितच घेतली असेल.

पण मला त्यातली टोचणी महत्त्वाची वाटत नाही, तक्ते वाटतात. टोचलेल्यांत या आठवड्यात किती मेले, न टोचलेल्यांत किती, अशा रकाने आखलेल्या याद्या हुबळीत आठवड्यामागून आठवडा भरल्या गेल्या. पुढे सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने याच आकड्यांची उलटतपासणी केली. मेलेले मोजले ते ठीक, पण न टोचलेले गावात नक्की उरले होते किती? गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिलेल्यांना कुठल्या रकान्यात धरलं? भागाकारात खालचा आकडा चुकला की वरचा कितीही खरा असला तरी उत्तर खोटं येतं. कमिशनने आकड्यांना नावं ठेवली आणि लस उपयोगी आहे हेही मान्य केलं. दोन्ही एकदम. अठरा वर्षांच्या मुलीला हा धडा हुबळीच्या कागदांवर शिकवता येतो. तिला त्यासाठी नीट लागत नाही. गणित लागतं, चिकाटी लागते, आणि मेलेल्या माणसाबद्दल आदर लागतो.

आता हर्डीकर. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर हे नाव हुबळीत आणि मराठी मुलखातही सेवा दलामुळे माहीत आहे. १८८९ साली धारवाडला जन्म. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग. १९२३च्या डिसेंबरात काकीनाडा काँग्रेसमध्ये हिंदुस्तानी सेवा दलाची स्थापना, आणि त्याचं केंद्र हुबळी. उमाबाई कुंदापूर यांनी महिला शाखा सांभाळली तीही इथूनच. पुढे दहा वर्षं राज्यसभा, १९५८ साली पद्मभूषण. हे सगळं पाटीवर आहे. पाटीवर नाही ते हे: कलकत्त्याला डॉक्टर झाल्यावर हा माणूस अमेरिकेला गेला आणि १९१६ साली मिशिगन विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची एमएस्सी घेऊन बसला. १९१६! तेव्हा मिशिगनसारख्या ठिकाणीही हा विषय नुकता रांगत होता. धारवाडच्या मुलाने तो ओळखला. अमेरिकेतच त्यांनी लाला लजपत राय यांच्याबरोबर होमरूलचं काम केलं, परत येऊन चळवळीत पडले, आणि तरी आरोग्याचा धागा त्यांनी सोडला नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभेच्या आरोग्यधामाच्या उभारणीत ते होते.

माणसांना रांगेत उभं करायचं, शिबिरात नेऊन शिस्त लावायची, कामं वाटून द्यायची, हे सेवा दल आणि मिशिगनची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी मला वाटत नाहीत. साथ आली की लागतं ते नेमकं हेच: माहिती असलेली आणि सांगितलेल्या जागी वेळेवर पोहोचणारी शंभर माणसं. हर्डीकरांच्या पदवीला आता एकशे दहा वर्षं होत आली. त्यांच्या शहरातल्या मुलाला आजही हा विषय शिकायचा तर बहुधा आधी दुसरं काहीतरी शिकून यावं लागतं.

आधी डॉक्टर व्हा, मग परदेशी जा, मग सार्वजनिक आरोग्य शिका, मग खेड्यात या. आपल्या मोठ्या माणसांची वाट अशीच गेली. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्सला शिकले. अभय आणि राणी बंग १९८४ साली तिथूनच एमपीएच ही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आले आणि दोन वर्षांत गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांनी काम कोणाकडून करून घेतलं तेही बघा ना. जामखेडला गावातल्या बायकांकडून, त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. गडचिरोलीत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बाया. त्या घरी जाऊन नवजात बाळाचा श्वास मोजायच्या, वजन करायच्या, गरज पडली तर इंजेक्शन द्यायच्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. कमी शिकलेल्या बाईला हे नीट शिकवलं तर येतं, मग पीयूसी सायन्सला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला येणार नाही, असं कोण म्हणतं? आणि शिकवायला डॉक्टरच हवा, मोजायला डॉक्टरच हवा, योजना आखायलाही डॉक्टरच हवा, हा हट्ट कशासाठी?

हट्ट आहे, आणि तो सरकारी कागदावरही दिसतो. २०१३च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएस्सी कम्युनिटी हेल्थ नावाच्या अभ्यासक्रमाला मंजुरी दिली होती. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरडा केला, अर्धवट डॉक्टर तयार करताय म्हणून, आणि गाडी तिथेच रुतली. त्या वादात दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती की आरोग्य म्हणजे उपचार. खेड्यात उपचार कोणी करायचे, एवढंच भांडण. मी ज्या बीएस्सीबद्दल बोलते आहे ते करणाऱ्या मुलीने कोणाला गोळी द्यायची नाही, सुई मारायची नाही, दवाखान्याची पाटी लावायची नाही. डॉक्टरांच्या पोटावर पाय येण्याचा प्रश्नच नाही. तिने गल्ली तपासायची आहे.

तीन-चार वर्षांत ती काय शिकेल? साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कोणाला, कुठे, केव्हा आणि का. संख्याशास्त्र, पण खऱ्या आकड्यांवर. जंतू आणि डास. पाणी, मैला, कचरा, धूर. माणसं सवय का बदलत नाहीत याचा अभ्यास; आणि बदलायला सांगणाऱ्याचं कुठे चुकतं, त्याचाही. आरोग्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो. कायदा. यातला निम्मा अभ्यास वर्गाबाहेर. पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं असं भारतीय मानक सांगतं. ते तपासायची पेटी खिशात मावेल एवढी असते. पहिल्या वर्षाच्या मुलीला दिली तर महिन्यात अख्ख्या वॉर्डाचा नकाशा हातात येईल. एमबीबीएसच्या मुलांना हा विषय असतोच, कम्युनिटी मेडिसिन नावाने. पण वॉर्डाच्या, ऑपरेशनच्या, पीजीच्या घाईत तो 'पार्क'चं जाडजूड पुस्तक पाठ करून एकदाचा पास व्हायचा विषय होऊन बसतो. ज्याला सर्जन व्हायचंय त्याच्या मनात गटार भरवायचं कशाला? गटारात ज्याला रस आहे त्याला शोधा.

इतक्या कोवळ्या वयात हे झेपेल का, असं विचारणारे भेटतात. अमेरिकेत २००३ साली त्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य शिकायची सोय असावी. त्यानंतर तिथे पदवीचे हे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. आपल्याकडे आहे ते मुख्यतः एमपीएच, म्हणजे पदवीनंतरचं. बेळगावला केएलईकडे, मणिपालला, पुण्याला विद्यापीठात, मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. चांगलं आहे. पण बाविसाव्या वर्षी, दुसरंच काही शिकून झाल्यावर, नोकरीची घाई लागल्यावर तिथे पोहोचणारी मुलं थोडी. विषयाची गोडी लागायचं वय त्याआधीचं.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण फसवणूक तिथेही होऊ शकते. काही खासगी विद्यापीठांनी पब्लिक हेल्थचं बीएस्सी काढलं आहे आणि आणखी काढतील. चकचकीत माहितीपत्रक, पांढरे कोट घातलेली हसरी मुलं, लाखांची फी. आईबापांनो, फी भरायच्या आधी चार गोष्टी विचारा. पहिल्या तुकडीतली मुलं आज कुठे कामाला आहेत, नावानिशी सांगा. फील्डवर्क किती आठवड्यांचं आणि कुठल्या वॉर्डात, कुठल्या पीएचसीत? संख्याशास्त्र शिकवणारा माणूस पूर्णवेळ आहे की तासावर येतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरकारी भरतीच्या कुठल्या नियमात या पदवीचं नाव आहे? आरोग्य निरीक्षकाच्या जाहिरातीत हेल्थ इन्स्पेक्टरचा डिप्लोमा मागितलेला असेल तर बीएस्सीवालीला अर्ज भरता येतो का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देता जो विषय बदलेल त्याच्याकडे मुलीला घालू नका.

कारण नोकरी हा इथला खरा गुंता आहे. जिथे कामं आहेत तिथेही अकरा महिन्यांचं कंत्राट. कोविडमध्ये संपर्क शोधायला, आकडे भरायला, घरोघर जायला माणसं घेतली आणि लाट ओसरल्यावर कितीतरी जणांना घरी पाठवलं. आशाताई तर वर्षानुवर्षं मानधनावर राबतात आणि त्यासाठीही रस्त्यावर बसावं लागतं. ज्या देशात रोग मोजणाऱ्याला रोजंदारीवर ठेवतात तिथे हुशार पोरगी हा विषय का घेईल? शेजारच्या तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा १९३९पासून आहे, वेगळं संचालनालय आहे, त्यातच बढती मिळत जाणारे अधिकारी आहेत. तिथे हे काम करिअर म्हणून करता येतं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर काढा म्हणून सांगितलं, २०२२ साली केंद्राने त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. राज्यं ती कधी उघडणार?

हुबळी-धारवाडला तर सबबच नाही. वीस किलोमीटरच्या पट्ट्यात सगळं हजर आहे. १९५७ साली निघालेलं आपलं सरकारी मेडिकल कॉलेज, ज्याला सगळे किम्स म्हणतात. सत्तूरचं एसडीएम. कर्नाटक विद्यापीठात संख्याशास्त्र आहे, समाजकार्य आहे, मानववंशशास्त्र आहे. धारवाडलाच जेएसएसच्या अर्थशास्त्र संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, जिथे जन्ममृत्यूचे आकडे वाचणारी माणसं बसतात. मनोरुग्णांसाठी डिम्हान्स आहे. शेतीचं विद्यापीठ आहे, फवारणीच्या औषधांचं माणसाला काय होतं ते त्यांच्या शेजारी बसून शिकता येईल. आयआयटी आहे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून चार वर्षांचा अभ्यासक्रम आखायला नवी इमारत लागत नाही. कुलगुरूंनी बोलावलं पाहिजे आणि मेडिकल कॉलेजने हा विषय आमच्याच मालकीचा म्हणून अडून बसता कामा नये.

आणि महापालिकेने जागा काढल्या पाहिजेत. हुबळी-धारवाडला ८२ वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डाला एक सार्वजनिक आरोग्य पदवीधर, कायम नोकरीत, हातात क्लोरीनची पेटी, तापाची वही आणि वॉर्डाचा पाइपांचा नकाशा. ८२ जागा. दहा लाखांच्या घरातल्या शहराला हा पगार जड नाही. कापडदुकानातल्या काकांच्या मुलीचा निकाल जूनमध्ये लागेल. तोवर भरतीच्या नियमांत ही पदवी घालायचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला, तर मी स्वतः दुकानात जाऊन त्याची प्रत काकांच्या हातात देईन.